पहिला टेंट घेताय?

वजन बघाच. दोघांचा टेंट दोन किलोच्या आत असला की चढावर पाठ कुरकुरत नाही. पण सह्याद्रीत खरी परीक्षा खुंट्यांची. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ खाली कातळ. खुंटी दोन बोटं आत जाईल तर शपथ, आणि रात्री वारा सुटतो तो वेगळाच. म्हणून स्वतःच्या पोलवर आपला आपण उभा राहणारा घ्या. दोऱ्या दगडांना बांधता येतात. एकपदरी टेंट हलका खरा, पण डिसेंबरात पहाटे आपल्याच श्वासाच्या वाफेचे थेंब आतून टपकतात. माझी स्लीपिंग बॅग अक्षरशः पिळावी लागली होती. दुपदरीच बरा. आणि 'दोन माणसांचा' म्हणजे फक्त माणसं, सॅक बाहेर! दुकानातच आत आडवे होऊन बघा, लाजू नका.