अटलांटात स्टेडियममधलं खाणं स्वस्त, मग आपल्याकडे का नाही?

तुम्ही विचारलंय की अटलांटाच्या स्टेडियममध्ये हॉट डॉग 2 डॉलरला ठेवला होता हे खरं का, असेल तर मालकाला परवडलं कसं, आणि वानखेडे किंवा पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर असं का होत नाही. मी अटलांटात राहतो, अमेरिकन फुटबॉल आणि आपला नेहमीचा फुटबॉल, दोन्हीच्या मॅचला तिथे जातो, म्हणून लिहितोय. खरं आहे, आणि परवडलं पण.

मर्सिडीज-बेंझ स्टेडियम ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालं. तिथे खेळणाऱ्या फाल्कन्स (अमेरिकन फुटबॉल) आणि अटलांटा युनायटेड (आपला फुटबॉल) या दोन्ही टीम आर्थर ब्लँकच्या, म्हणजे होम डेपो ही दुकानांची साखळी ज्यांनी काढली त्यातला एक. स्टेडियम चालवतेही त्याचीच कंपनी, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुरुवातीचे रेट असे होते: हॉट डॉग, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, पाण्याची बाटली, सोडा (म्हणजे कोल्ड्रिंक) सगळं 2 डॉलर, नाचोज आणि पिझ्झाचा तुकडा 3 डॉलर, साधी बिअर 5 डॉलर. 2018 ला हॉट डॉग तर अजून उतरवून दीड डॉलर केला. बाकी अमेरिकेत स्टेडियममध्ये एका बिअरला दहा-बारा डॉलर मोजायला लागणं काही नवलाचं नाही. आणि इकडे दुकानात लिहिलेल्या किमतीवर टॅक्स वेगळा लावतात, स्टेडियममध्ये मात्र बोर्डावर 2 लिहिलंय म्हणजे 2 च, टॅक्स धरून. त्यामुळे सुरुवातीला रोख पैसे चालायचे तेव्हाही चिल्लरची भानगड नव्हती आणि लाइन भराभर सरकायची.

सोड्याचं तर मला फारच आवडतं. काउंटरवरचा माणूस तुमच्या हातात नुसता रिकामा कप देतो, मशीन बाहेर भिंतीला लावलेली, आपणच बर्फ घ्यायचा, आपणच भरायचा, संपला की परत भरायचा, फुकट. माझे आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना मॅचला नेलं होतं, आई शुद्ध शाकाहारी, तिने नाचोज आणि पॉपकॉर्न घेतलं, बाबा त्या मशीनकडे तीनदा जाऊन आले आणि दर वेळी मला विचारत होते, अरे नक्की पैसे नाही ना द्यायचे? चार जणांच्या घराने चार हॉट डॉग, चार सोडे, दोन पॉपकॉर्न आणि एक नाचोज घेतलं तरी त्या रेटने 23 डॉलर होतात. पोराने अजून एक मागितला तर बापाच्या कपाळावर आठी पडत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे हो. भारीतले सँडविच वगैरे महाग असतातच, पण ज्याला पोट भरायचंय त्याची सोय आहे.

आता परवडलं कसं. जुन्या जॉर्जिया डोमच्या, म्हणजे फाल्कन्सच्या आधीच्या स्टेडियमच्या मानाने रेट साधारण निम्मे केले होते, तरी पहिल्या सीझनला माणशी खर्च 16 टक्क्यांनी वाढला. इकडे लोकांना पार्किंगमध्येच शेगडी मांडून खाऊन-पिऊन शेवटच्या क्षणाला आत शिरायची सवय असते. आत स्वस्त मिळतंय म्हटल्यावर पब्लिक लवकर आत यायला लागलं, लवकर आलेला माणूस दोनदा खातो, जर्सीच्या दुकानात पण डोकावतो. शिवाय विक्रीचे काउंटर आधीपेक्षा बरेच वाढवले, कारण स्वस्त ठेवून लाइन जर अर्ध्या तासाची असेल तर कोण थांबणार?

पण माझ्या मते खरी गोम करारात आहे. बहुतेक स्टेडियममध्ये खाण्याचा ठेका बाहेरच्या कंपनीला दिलेला असतो आणि विक्रीतला मोठा हिस्सा ती स्टेडियमला देते. म्हणजे प्रत्येक हॉट डॉगवर दोघांना कमवायचंय, किंमत वर जाणारच, ठेकेदाराला शिव्या देऊन काही होत नाही. ब्लँकच्या लोकांनी इथेच हात घातला, किंमत आम्ही ठरवणार, तुम्ही चालवायचं आणि चालवण्याचे पैसे घ्यायचे. एवढं केल्यावरच 2 डॉलर शक्य झालं. फेब्रुवारी 2019 ला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची वर्षाची फायनल, तिथे झाली, तिकिटं हजारो डॉलरची, तेव्हाही हॉट डॉग आणि सोडा 2 डॉलरच्या वर गेला नाही. त्या दिवशी दहा डॉलर लावले असते तरी लोकांनी गुपचूप दिले असते, तरी नाही लावले, याचं मला खरंच कौतुक आहे.

याच जॉर्जिया राज्यात ऑगस्टाला मास्टर्स ही गोल्फची स्पर्धा होते, तिथलं पिमेंटो चीजचं सँडविच कित्येक वर्षं दीड डॉलरला आहे. म्हणजे ब्लँकने काही जगावेगळं केलं असंही नाही, ठरवलं की होतं.

फक्त दारूचं वेगळं धरा. 4 जून 1974 ला क्लीव्हलँडमध्ये बेसबॉलच्या मॅचला 10 सेंटला बिअर ठेवली होती, पब्लिक इतकं पिऊन मैदानात घुसलं की मारामारी झाली आणि मॅच पाहुण्या टेक्सासच्या टीमला बहाल करावी लागली. पाणी आणि खाणं स्वस्त असावं, बिअर किती स्वस्त करायची ते जपूनच.

आता आपल्याकडे. आयपीएलमध्ये तिकिटाचे पैसे टीमच्या मालकाला, पण मैदान बहुतेक ठिकाणी राज्याच्या क्रिकेट असोसिएशनचं, टीम मॅचमागे त्यांना ठरलेली रक्कम देते. ज्याला तुम्ही पुन्हा पुन्हा यावं असं वाटतं त्याच्या हातात मैदान नाही, आणि मैदान ज्याचं आहे त्याला तुम्ही खूश होऊन गेलात काय आणि चिडून गेलात काय, फरक पडत नाही. इंटरनॅशनल मॅच तर एका मैदानाच्या वाट्याला वर्षाला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, तिकिटं कशीही संपतात. स्टॉलवाल्याने त्या एका दिवसासाठी भरमसाट भाडं भरलेलं असेल तर तो वडापाव काय भावाने विकणार?

पाण्याचं जास्त लागतं मनाला. बाटली आत नेऊ देत नाहीत, ते मी समजू शकतो, 1996 ला ईडन गार्डन्स आणि 2015 ला कटकला लोकांनी मैदानात बाटल्या फेकलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. पण बाटली काढून घेतली तर आत पाणी देणं तुमची जबाबदारी झाली ना? ऑक्टोबर 2024 ला गहुंज्याला न्यूझीलंडविरुद्धच्या टेस्टच्या पहिल्याच दिवशी भर उन्हात, डोक्यावर छप्पर नाही, आणि प्यायला पाणी नाही म्हणून लोकांनी घोषणा दिल्या, असोसिएशनला माफी मागावी लागली आणि मग फुकट पाणी वाटलं. त्याच्या आदल्याच वर्षी वर्ल्ड कपला बीसीसीआयने प्रेक्षकांना पाणी फुकट देऊ म्हणून जाहीर केलं होतं. म्हणजे जमतं, पण वर्ल्ड कपपुरतंच का? सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये थिएटरवाल्यांना सांगितलं की बाहेरचं खाणं अडवा हवं तर, पण शुद्ध पाणी फुकट द्या. मैदानालाही हाच न्याय लावायला पाहिजे. आणि गर्दीत ठरलेल्या भावाने विकणं आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये, रेल्वे प्लॅटफॉर्मवर लिटरची रेल नीर कित्येक वर्षं 15 रुपयांना विकत होतीच की.

म्हणून मला विचाराल तर सुरुवात फुकट पाणी आणि तीन-चार पदार्थांचा तिकिटावरच छापलेला रेट, एवढ्यापासून करता येईल, असोसिएशनने स्टॉलचा ठेका देतानाच कागदावर ती अट घालायची, भाडं कमी घ्यायचं, बस.

तोवर तुमच्या हातात एवढंच आहे की सीलबंद बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त मागितलं तर फोटो काढा, बिल मागा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला किंवा वैधमापनशास्त्र विभागाला (वजनमापं आणि छापील किंमत तपासणारं सरकारी खातं) कळवा. हॉटेलवाल्यांना जास्त घ्यायला 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोकळीक दिली होती, पण ती बसायची जागा, सर्व्हिस वगैरे धरून, स्टॉलवर उभ्या उभ्या घेतलेल्या बाटलीला ते कारण चालू नये असं माझं मत आहे. आणि बाटली तुमच्यासमोर फोडून ग्लासात ओतून देत असतील तर आधी म्हणा, सीलबंदच द्या, झाकण तुम्ही काढून ठेवा हवं तर, कारण एकदा ग्लासात ओतलं की छापील किंमत दाखवायला बाटलीच हातात राहत नाही.