ऑनलाइन पदवी नेमकी कुणाच्या सोयीसाठी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा कला शाखेतून ७८ टक्क्यांनी बारावी झाली. तिला जवळजवळ दिसत नाही, तसं प्रमाणपत्र आहे. तिला पुण्याला जाऊन मानसशास्त्रात बी.ए. करायचंय. आम्ही मात्र घरूनच ऑनलाइन बी.ए. करायचं ठरवलंय, म्हणजे तिला त्रास नको. ही पदवी स्पर्धा परीक्षांना चालते का? – एक पालक, बार्शी

उत्तर : चालते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

पण तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ वाचून मी थबकले. मुलीला काय हवंय ते तुम्हीच लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात खोडलंत. तिचा विषय तरी तुम्ही विचारात घेतलात का? मानसशास्त्र आता ऑनलाइन किंवा दूरस्थ शिकताच येत नाही. आरोग्याशी संबंधित इतर काही विषयांबरोबर यूजीसीने तेही २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद केलं. म्हणजे ‘घरूनच’ म्हणताना तुम्ही तिचा विषयही बदललात.

राहिला त्रास. घरबसल्या शिकलं की न दिसणाऱ्या मुलीची सोय होते, हा मोठा गैरसमज आहे. एस.टी.ची धक्काबुक्की वाचते, एवढंच. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने लॅपटॉप उघडून मला दाखवलं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू होतं. पहिल्या घटकाच्या नोट्स स्कॅन केलेल्या. आपल्याला पान भरलेलं दिसतं, सॉफ्टवेअरच्या लेखी ते कोरं. दुसरा घटक जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला, तर कानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. स्वाध्याय पाठवायच्या पानावर ‘बटन, बटन, बटन’. कुठलं कशाचं, कळायला मार्ग नाही. आणि व्हिडिओत सर म्हणतात, ‘हा आलेख बघा, इथून असा वर जातो.’ मुलगा हसत होता, मला हसू आलं नाही. युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येईल असा मजकूर, नावं दिलेली बटणं, आलेख शब्दांत सांगणं, यातलं काहीच महागडं नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओखाली मजकूर देणंही महागडं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे मागता येतं. पण मागावं लागतं, आणि बार्शीत एकटीने बसून मागणं कठीण.

कॉलेजात निदान शेजारी बसलेली मैत्रीण ‘अगं, आलेख खाली चाललाय’ म्हणते.

त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. प्रवेशाच्या दिवशीच अर्ज द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतो. सुट्टीत तिचा हात बसू द्या. वसतिगृहाची काळजी वाटते ना? मग तिला घेऊन दोन दिवस पुण्यात राहा, वसतिगृह ते वर्ग ही वाट तिला चालू द्या. तुम्ही मागे राहा.

एवढं करूनही तिलाच ऑनलाइन हवं असेल, तर दुसरा विषय तिने निवडावा. फी भरण्याआधी नमुन्याचा एक धडा आणि नोट्स मागवून तिने स्वतः उघडून पाहाव्यात. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत स्क्रीन रीडर आणि लेखनिक चालतो का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

पुढचं पत्र तिचं येऊ द्या. फोनवर बोलून मराठी टाइप होतं, ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत असणार.