‘ब्रदर’ची आई

“पोराला मोठं व्हायचंच नाही, ताई.” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या मावशींनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

अहिल्यानगरच्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला मावशींची परवानगी आहे, “पण साडीचा रंगसुद्धा नको” या अटीवर.) मुलगा एकतीस वर्षांचा, नर्स. शेवटच्या अवस्थेतले कॅन्सरचे पेशंट ठेवतात त्या वॉर्डात काम करतो. तिथे त्याला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात. आयर्लंडला जायची सगळी तयारी झाली होती, आणि ऐनवेळी हा म्हणाला, नको. जाऊबाईंचा मुलगा कॅनडात. रविवारी उपासना सुटल्यावर आवारात कुणी चौकशी केली, की मावशी “मेडिकल लाइनला आहे” एवढं बोलून चपला शोधायला लागत.

घरात वाद झाला की मुलगा म्हणे, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ना? त्यापुढे आईने काय बोलायचं! राग गिळायचा आणि रात्रभर जागायचं. त्यांची खरी धास्ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली: “मुलाचं भलं व्हावं म्हणते, तर मी देवाच्या विरोधात जातेय का?”

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. पुढे जावंसं वाटणं म्हणजे गर्व का? मी मावशींना बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातली जब्दीच्या मुलांची आई आठवून दिली. ती येशूपुढे पाया पडून मागते, तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे बसव आणि एक डावीकडे. ते मुलगे, येशूचे शिष्य याकोब आणि योहान, शेजारीच उभे! येशू तिला झिडकारत नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही, एवढं म्हणतो. बाकीच्या दहा शिष्यांना राग येतो. आपण आधी का नाही विचारलं, याचाच तो राग असावा असं मला नेहमी वाटतं. मग येशू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो, की ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. मोठं होऊ नका, असं तो म्हणतच नाही.

“आणि त्या बाईचं पुढे काय झालं?” मावशींनी विचारलं.

सत्ताविसाव्या अध्यायात ती पुन्हा दिसते. वधस्तंभावर येशूच्या उजवीकडे-डावीकडे दोन लुटारू आहेत, आणि दुरून पाहणाऱ्या बायकांत जब्दीच्या मुलांची आई आहे. मावशी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

इथे मला एक शंका होतीच. सेवेच्या नावाखाली माणसं भीतीही लपवतात. म्हणून मुलाला एकदा एकट्याला बोलावलं. तो म्हणाला, “तिथेही हेच काम केलं असतं. पण इथे रात्री तीन वाजता पेशंट जे बडबडतो, ते मला कळतं.” बचत विचारली, आकडे सांगितले, ठीक होते. पळ काढणाऱ्याचं हे बोलणं नव्हतं. तरी ‘सेवा आहे’ म्हणून पगार बुडवू देऊ नकोस, हे मी त्याला बजावलं. येशूचं ते वाक्य आसनासाठी धडपडणाऱ्यांना होतं. आधीच राबणाऱ्याला आणखी दाबायला ते वापरलं जातं, तेव्हा माझा संताप होतो.

तिसऱ्या भेटीत मावशी स्वतःबद्दल बोलल्या. अठ्ठावीस वर्षं मंडळीच्या प्रत्येक सुगीच्या सणाला चुलीपाशी त्या. मोठा कार्यक्रम झाला तेव्हा शाल-नारळ मिळाले पंचांना. भाजीचा डाव हातात घेऊन यांनी स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्या वाजवल्या. मी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. विद्वत्तेसाठी 1878 साली कलकत्त्यात ‘सरस्वती’ पदवी मिळालेली बाई केडगावात दुष्काळातल्या मुली सांभाळत राहिली, वगैरे. मावशींनी मला तिथेच अडवलं. “त्यांचं नाव सगळे घेतात, ताई. त्या मुलींसाठी भाकऱ्या थापणाऱ्यांची नावं सांगा बरं.”

मला एकही सांगता आलं नाही.

थोड्या वेळाने एवढंच सांगितलं, की ‘मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं’ या वचनात ‘सेवक’ म्हणून जो ग्रीक शब्द आहे, दियाकोनोस, तो पंगतीत वाढणाऱ्यालाही म्हणत. “म्हणजे वाढपी?” मावशी हसल्या. (त्याच शब्दावरून आलेल्या चर्चमधल्या ‘डीकन’ पदाचा मान आपण केवढा करतो, आणि वाढप्याला पाणी तरी विचारतो का!)

मग सहज विचारलं, तुमचं कोण करतं? तर म्हणाल्या, मुलगा रोज रात्री मलम घेऊन बसतो. टाचांच्या भेगा इतक्या खोल, की चादरीत धागे अडकतात. पण त्या पाय ओढून घेतात: “दिवसभर लोकांचं करून येतो, त्यात माझं कशाला?”

मी योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय उघडला, शिष्यांचे पाय धुण्याचा. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असताना येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो. मिंधा म्हणून तो वाकत नाही. आणि पेत्र हा शिष्य म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस.

“म्हणजे मी पेत्र?”

“आठ दिवस पाय ओढायचा नाही. बाकी काही करू नका.”

चौथ्या भेटीला आल्या त्या बसल्या बसल्या बोलायलाच लागल्या. दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या रात्री पाय त्याच्या मांडीवर असतानाच डोळा लागला. आयर्लंडचं अजून मनात येतं, विमानाचा आवाज आला की हमखास येतं. आणि हो, रविवारी जाऊबाईंनी परत विचारलं.

“काय सांगितलंत?”

“नर्स आहे म्हटलं. मरणाऱ्या माणसांचं करतो.”

“मग?”

“मग काय. त्यांनी गुडघ्याला कुठलं मलम चांगलं ते विचारलं.”