ग्रॅमीचा 'बेस्ट क्लासिकल अल्बम' पुरस्कार बंद का झाला?

2011 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी विभाग 109 वरून 78 वर आणले, त्यात हा गेला. ऑर्केस्ट्रा, ऑपेरा वगैरेंचे स्वतंत्र पुरस्कार राहिले, पण 'वर्षातली सर्वोत्तम पाश्चात्त्य शास्त्रीय रेकॉर्ड' ही मानाची जागा संपली. 1962 मध्ये पहिला मान संगीतकार स्ट्राविन्स्कीला, 2011 मध्ये शेवटचा ऑर्केस्ट्रा-संचालक रिकार्दो मुतीने शिकागोत केलेल्या, संगीतकार व्हेर्दीच्या 'रेक्विएम'ला (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना).

माझी आवडती रेकॉर्ड मात्र 1966 ची विजेती. बारा वर्षं मैफल न केलेला पियानोवादक होरोविट्झ 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बसला आणि सुरुवातीलाच चुकीची पट्टी दाबली! रेकॉर्ड काढताना काही चुका मागाहून दुरुस्त केल्या होत्या. मूळ, जशीच्या तशी मैफल 2003 मध्ये बाहेर आली. मला तीच जास्त भावते.