परदेशात राहून पत्नीसाठी अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा अर्ज: नोकरीआधी डोमिसाईलचा विचार करा

नमस्कार. तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, गेली काही वर्षे म्युनिकमध्ये नोकरी करता, पत्नी भारतीय नागरिक आहेत, लग्न गेल्या वर्षी पुण्यात झाले आणि त्याची रीतसर नोंदणीही झाली आहे. पुढील दीड-दोन वर्षांत दोघांनी अमेरिकेत जाऊन स्थायिक व्हायचे ठरवले आहे. अर्ज जर्मनीतून करता येईल का, की तुम्ही आधी एकटे परत जाऊन नोकरी धरावी, जर्मनीतला पगार स्पॉन्सरशिपला चालेल का आणि मुलाखत फ्रँकफर्टला द्यावी की मुंबईला, असे तुमचे प्रश्न आहेत. माझ्या पत्नीची फाईल मी अमेरिकेबाहेर राहूनच पूर्ण केली आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांच्या फाईली जवळून पाहिल्या, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

अर्ज जर्मनीतून नक्की करता येतो आणि त्यासाठी तुम्ही आधी एकटे परत जाण्याची गरज नाही. आय-१३० ही नातेवाइकासाठीची याचिका तुम्ही यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन भरू शकता. एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात ऑनलाइन याचिकेचे शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी याचिकेचे ६७५ डॉलर आहे. पूर्वी परदेशातल्या यूएससीआयएस कार्यालयात थेट अर्ज देऊन काही महिन्यांत काम उरकणारी मंडळी होती आणि त्यांचे अनुभव आजही वाचायला मिळतात. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून ती सोय बंद झाली आहे. अमेरिकी वकिलाती आता वैद्यकीय आणीबाणी, जिवाला धोका, अचानक आलेली बदली अशा अपवादात्मक परिस्थितीतच याचिका स्वीकारतात. तेव्हा नेहमीचा मार्ग गृहीत धरा आणि वेळ महिन्यांत न मोजता वर्षाच्या हिशेबाने मोजा. याचिकेसोबत आय-१३०ए हा पत्नीच्या माहितीचा फॉर्मही लागतो. पत्नी अमेरिकेबाहेर असल्या तरी तो भरावाच लागतो, त्यावर त्यांची सही मात्र बंधनकारक नसते.

तुमच्यासारख्यांची फाईल जिथे अडते ती जागा वेगळी आहे, आणि ती म्हणजे डोमिसाईल, म्हणजे तुमचे कायमचे घर कायद्याच्या दृष्टीने कोणत्या देशात आहे, हा प्रश्न. याचिका मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते आणि तिथे तुम्हाला आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. हमी देणाऱ्याचे डोमिसाईल अमेरिकेत असले पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे. न्यू जर्सीतले तुमचे मोठे बंधू जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या जोडीने हमी देणारे, व्हायला तयार आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे फक्त उत्पन्नाची बाजू भक्कम होते. तुमचे स्वतःचे आय-८६४ द्यावेच लागते आणि तुमच्या डोमिसाईलची उणीव भाऊ भरून काढू शकत नाहीत. हे वेळेवर लक्षात न आल्यामुळे मुलाखतीच्या दिवशी कलम २२१(जी) खाली कागद मागवणारे पत्र हातात पडलेली जोडपी मी पाहिली आहेत.

याचा अर्थ मुलाखतीआधी तुम्ही अमेरिकेत राहायला गेलेच पाहिजे, असा नाही. पत्नी अमेरिकेत प्रवेश करतील त्या दिवसापर्यंत आपण तिथे पुन्हा बिऱ्हाड थाटणार आहोत आणि त्या दिशेने ठोस पावले उचलली आहेत, हे तुम्ही दाखवू शकलात तर पुरते. म्हणजे तुम्ही त्यांच्या आधी किंवा त्यांच्यासोबत गेलात तरी चालते. पत्नीला पुढे पाठवून स्वतः सावकाश मागाहून जायचे, हे मात्र चालत नाही. आय-८६४ फॉर्ममध्ये तुमच्या पत्त्याच्या रकान्यांनंतर ‘कंट्री ऑफ डोमिसाईल’ असा एक छोटा रकाना येतो. आत्ता राहतो तो देश, म्हणून पुष्कळ जण तिथे भाबडेपणाने जर्मनी किंवा दुबई लिहून मोकळे होतात. पत्ता म्युनिकचा असला तरी हरकत नाही, पण या रकान्यात अमेरिका लिहायचे आणि ते खरे ठरवणारे पुरावे सोबत जोडायचे.

पुराव्यांची तयारी एनव्हीसीचे पत्र येण्याची वाट न पाहता आजपासून करा, कारण मुलाखतीच्या तोंडावर उघडलेले बँक खाते आणि वर्षभर नियमित चाललेले खाते यांतला फरक अधिकाऱ्याला एका नजरेत कळतो. अमेरिकेतले चालू बँक खाते आणि त्यात वेळोवेळी हलवलेले पैसे, नूतनीकरण केलेला ड्रायव्हिंग लायसन्स, परदेशातून केलेल्या मतदानाची नोंद, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरे, सामान हलवणाऱ्या कंपनीचे दरपत्रक, घरभाड्याचा करार, हे सगळे उपयोगी पडते. सुरुवातीला भावाकडे राहणार असाल तर त्यांचे तसे सहीचे पत्र आणि घराच्या मालकीचा कागद द्या. या सगळ्यावर तुमचे एक पानी निवेदन ठेवा: जर्मनीत कधी आणि कशासाठी आलो, कोणत्या महिन्यात परतणार, कुठे राहणार आणि चरितार्थ कसा चालवणार. तुमची सध्याची कंपनी अमेरिकेतल्या शाखेत बदली करणार असेल, तर पद, वेतन आणि रुजू होण्याचा अपेक्षित महिना लिहिलेले तिचे पत्र सर्वांत वजनदार ठरते, कारण त्यातून डोमिसाईल आणि उत्पन्न हे दोन्ही प्रश्न एकदम मार्गी लागू शकतात.

आता पगाराविषयी. जर्मनीतले उत्पन्न अमेरिकेत गेल्यावरही त्याच स्रोतातून चालू राहणार असेल तरच ते धरले जाते. नोकरी सोडून जाणार असाल तर तो पगार कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग नाही. अमेरिकी सरकारच्या २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न दाखवावे लागत होते. उत्पन्न नसेल तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या पती किंवा पत्नीच्या बाबतीत ती तुटीच्या तिप्पट असावी लागते, म्हणजे उत्पन्न शून्य धरले तर साधारण ७९,३०० डॉलर. ही मालमत्ता वर्षभरात रोख रकमेत बदलता येण्यासारखी हवी. पत्नीच्या नावावरची बचतही त्यात धरता येते आणि ती भारतात किंवा जर्मनीत असली तरी चालते. बंधूंचा हिशेब करताना त्यांचे कुटुंब आणि तुमची पत्नी अशी एकत्र संख्या धरावी; ते, वहिनी, दोन मुले आणि तुमची पत्नी असे पाच जण धरले तर २०२५ च्या तक्त्यानुसार ४७,०६२ डॉलर होत होते.

बंधूंना एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगा, आणि शक्यतो वहिनींच्या समोर सांगा. ही हमी कायदेशीर करार आहे. पत्नी अमेरिकेच्या नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या खात्यात अमेरिकेतल्या कामाच्या ४० तिमाही (साधारण दहा वर्षे) जमा होईपर्यंत ती साधारणपणे टिकते आणि पतिपत्नीचा घटस्फोट झाला तरी संपत नाही. घरच्या माणसाकडून एवढी मोठी जोखीम घेताना त्याला पूर्ण कल्पना देणे, हे मी आपले कर्तव्य समजतो.

करविवरणपत्र हा याच फाईलचा भाग आहे. परदेशात राहणाऱ्या नागरिकालाही, उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असल्यास, अमेरिकेचे विवरणपत्र भरावे लागते. तुम्ही फॉर्म २५५५ भरून परदेशी उत्पन्नाची वजावट घेत असाल, तर १०४० या मुख्य विवरणपत्रावर एकूण उत्पन्न शून्याच्या जवळपास दिसते आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून जर्मन मालकाचे वार्षिक वेतन प्रमाणपत्र इंग्रजी भाषांतरासह जोडा. मागील विवरणपत्रे अजाणतेपणी भरायची राहून गेली असतील, तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, ‘स्ट्रीमलाइन्ड’ या सवलतीच्या प्रक्रियेत तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे परदेशी खात्यांचे अहवाल देऊन ती नियमित करता येतात. हे काम आत्ताच हाती घ्या.

लग्न खरे असल्याचा पुरावा देणे तुम्हाला अवघड नाही. दोघांची नावे असलेला भाडेकरार, एकाच पत्त्यावरील रहिवासी नोंदणी, एकत्रित आरोग्यविमा आणि संयुक्त खाते हे लग्नाच्या शेकडो फोटोंपेक्षा जास्त बोलतात. यूएससीआयएसकडे पाठवायच्या जर्मन आणि मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र लागते.

आपल्याकडच्या कागदांत खरी डोकेदुखी नावांची असते. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसते, किंवा दाखल्यावर एक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे असते. लग्नानंतर आडनावासोबत मधले वडिलांचे नाव जाऊन पतीचे येते, आणि पदवी, पॅन व पासपोर्ट तीन वेगवेगळ्या नावांनी दिसतात. पत्नीने आजवर वापरलेली सर्व नावे फॉर्ममधल्या ‘इतर नावे’ या रकान्यात न संकोचता लिहा. जन्मदाखल्यात नाव घालण्याचे काम महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेळेत करून घ्या. घरचे कोणी पुण्यात असेल तर याचिका प्रलंबित असतानाच ते होऊन जाईल. नोंदच सापडत नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला आणि त्याला जोडून शाळेचा दाखला व वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

पोलिसांचे दाखले दोन लागतील. भारताचा दाखला जर्मनीतल्या भारतीय वकिलातीमार्फत मिळतो आणि पत्नी जर्मनीत सहा महिन्यांहून अधिक राहिल्या असतील तर जर्मनीचाही लागतो. याशिवाय वयाच्या सोळाव्या वर्षानंतर एखाद्या तिसऱ्या देशात त्या वर्षभर किंवा अधिक राहिल्या असतील तर तिथलाही. एनव्हीसीचे शुल्क व्हिसासाठी ३२५ आणि हमीपत्रासाठी १२० डॉलर आहे. ते भरल्यावर डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज उघडतो.

मुलाखत तुमच्या बाबतीत फ्रँकफर्टला देणेच सोयीचे. १ नोव्हेंबर २०२५ पासून राहत्या देशात किंवा नागरिकत्वाच्या देशात मुलाखत द्यावी लागते, म्हणजे मुंबईचा पर्याय खुला आहे. पण वैद्यकीय तपासणीही त्याच देशातल्या नेमलेल्या डॉक्टरांकडे करावी लागते, आणि २२१(जी) खाली एखादा कागद मागितला तर जर्मनीतली नोकरी सोडून मुंबईत थांबणे परवडत नाही.

शेवटी वेळापत्रक. व्हिसा मिळाल्यावर तो जास्तीत जास्त सहा महिने वैध असतो, त्यामुळे दोन वर्षांनंतर जायचे असेल तर आज घाई करून उपयोग नाही. याचिका मंजूर होऊन प्रकरण एनव्हीसीत आल्यावर थोडे थांबता येते, पण त्यांच्या सूचनेनंतर वर्षभर काहीच प्रतिसाद दिला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते; म्हणून अधूनमधून एनव्हीसीच्या ऑनलाइन खात्यात लॉगिन करत राहा. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली असतील, तर पत्नीला दहा वर्षांचे ग्रीन कार्ड मिळते. नसतील तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढून घेण्याचा अर्ज भरावा लागतो. व्हिसावर सशर्त वर्ग छापला गेला असला, तरी गणना प्रवेशाच्या तारखेनेच होते. तुमच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस व्हिसाच्या मुदतीत येत असेल, तर विमानाचे तिकीट त्यानंतरचे काढा आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून वर्ग बदलून घ्या. कार्ड छापण्याचे २३५ डॉलर शुल्क निघण्याआधी ऑनलाइन भरून ठेवा.