कन्व्होल्यूशन: वळी, आडवळण आणि संवलन

प्रश्न असा आहे: मेंदूवर कन्व्होल्यूशन्स असतात, वाक्य 'कन्व्होल्युटेड' असते आणि गणितातही कन्व्होल्यूशन आहे, मराठीत तिन्हीकडे 'गुंतागुंत' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार, आणि गणितात तर मुळीच नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'एकत्र गुंडाळणे'. त्यातला 'व्हॉल्व्हेरे' आणि संस्कृत 'वल्' हे एकाच कुळातले मानतात. आपले वलय, वळणे या 'वल्'चेच. म्हणून मेंदूसाठी 'वळी' हा शब्द आयताच हाताशी आहे: मेंदूच्या वळ्या आणि त्यांमधल्या खाचा. कन्व्होल्युटेड युक्तिवाद म्हणजे आडवळणाचा युक्तिवाद.

गणितातले कन्व्होल्यूशन ही मात्र एक नेमकी क्रिया आहे. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर १, २ लिहा. दुसरी संख्यामाला २, ३ आहे, पण ती उलटी लिहा: ३, २. ही उलटी पट्टी पहिलीच्या खालून डावीकडून उजवीकडे एकेक घर सरकवा आणि दर वेळी समोरासमोर आलेल्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्या. आधी १×२ = २, मग १×३ + २×२ = ७, शेवटी २×३ = ६. उत्तर २, ७, ६; आणि १२ × २३ = २७६! आपला शाळेतला गुणाकार म्हणजे हातचे मिळवण्याआधी कन्व्होल्यूशनच. जर्मनमध्ये याला 'फाल्टुंग' म्हणजे घडी म्हणतात, कारण एक माला उलटवावी लागते.

चूक नेमकी इथेच होते. पट्टी उलटवायची राहिली तर ३, ८, ४ येते, आणि ते सहसंबंधाचे, म्हणजे कोरिलेशनचे, गणित झाले. न्यूरल नेटवर्कमधल्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांमधल्या, 'कन्व्होल्यूशन'मध्ये बहुधा उलटवतच नाहीत. तिथे पट्टीवरचे आकडे प्रशिक्षणातूनच ठरतात, त्यामुळे बिघडत नाही.

या क्रियेला 'संवलन' म्हणावे: सम् + वलन, अर्थही मुळाशी जुळतो. वाक्यात 'सिग्नलचे फिल्टरशी संवलन केले' असे सहज बसते. इंग्रजीतही या क्रियेचे क्रियापद 'कन्व्हॉल्व्ह' आहे, 'कन्व्होल्यूट' नव्हे. फक्त मुद्रिते तपासताना 'व'वर नजर ठेवा. त्याचा 'क' झाला की 'संकलन' होते, म्हणजे इंटिग्रेशन, सलग राशींची बेरीज. सुट्या आकड्यांऐवजी सलग राशी असतील तर संवलनाच्या सूत्रात इंटिग्रेशनही येते, त्यामुळे ती चूक वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.