सीए फर्ममधली व्हर्च्युअल इंटर्नशिप: घरी बसून नेमकं काय शिकायला मिळतं

तू लिहिलं आहेस की बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पुण्यातल्या एका सीए फर्मने दोन महिन्यांची व्हर्च्युअल इंटर्नशिप देऊ केली आहे, स्टायपेंड नाही, सर्टिफिकेट मिळेल. घरी बसून अकाउंट्स शिकता येतात का, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का आणि हे दिवस पुढे आर्टिकलशिपमध्ये (सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायच्या प्रशिक्षणात) धरतात का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्याचं उत्तर आधी देते. नाही धरत. आर्टिकलशिपसाठी सीए इंटर या मधल्या परीक्षेचे दोन्ही ग्रुप क्लिअर व्हावे लागतात, मग इन्स्टिट्यूटकडे (आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडे) नोंदणी होते, आणि १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. त्यामुळे "हे पुढे ॲडजस्ट करू" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. कॉलेजच्या इंटर्नशिपच्या क्रेडिटसाठी चालेल का, हे मात्र सुरू करण्याआधी तुमच्या विभागातल्या मॅडमना किंवा सरांना विचारून घे. टॅलीही विकत घेऊ नकोस. बहुतेक फर्म क्लाउडवरच्या टॅलीचं लॉगिन देतात. सरावासाठी टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड फुकट आहे, फक्त त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकता येतं.

आता मुख्य प्रश्न. मी स्वतः लॉकडाऊनमध्ये सदाशिव पेठेतल्या एका फर्मची इंटर्नशिप घरूनच केली, आणि आता जिथे काम करते तिथे येणाऱ्या इंटर्नचं काम तपासते. दोन्ही बाजू बघून सांगते: घरून नक्की शिकता येतं, पण तुझं काम कोणीतरी तपासून, चुका दाखवून परत पाठवत असेल तरच. म्हणून "मला काम कोण देणार" यापेक्षा "माझं काम कोण तपासणार" हे पहिल्या कॉलमध्येच विचार. "आमची टीम बघेल" असं मोघम उत्तर आलं तर एका माणसाचं नाव मागून घे.

सुरुवातीला बँक स्टेटमेंटवरून पेमेंट-रिसीटच्या एंट्र्या आणि खरेदीची बिलं टाकणं हेच काम येईल. कंटाळवाणं वाटतं, पण हात बसतो. एफ-फाइव्हला पेमेंट, एफ-सिक्सला रिसीट, एफ-नाइनला पर्चेस हे बोटांत गेलं की मग डोळे बिलावर राहतात.

खरं शिक्षण टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जुळवताना सुरू होतं. पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरायचं, १४ तारखेला आपल्या क्लायंटच्या नावाने टू-बी तयार होतं, आणि २० तारखेपर्यंत थ्री-बी हे कर भरायचं रिटर्न भरायचं. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीमध्ये दिसेल तेवढंच क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येतं. म्हणजे १४ ते २० या दिवसांत प्रत्येक फर्ममध्ये एकच धावपळ असते: पुस्तकातली खरेदी आणि टू-बी यांचा मेळ. इंटर्नकडे एक्सेल येतं ते याच वेळी.

इथे व्हीलूकअप हे एक्सेलमधलं शोधायचं सूत्र लावून "सापडलं नाही" असं लिहून फाइल पाठवणारे खूप असतात. पण न सापडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखणं हेच शिकायचं आहे. बिलावर नंबर "एसआर/२४-२५/०४७" असतो, टॅलीत कोणी नुसता ४७ टाकलेला असतो. एक्सेलला ही दोन बिलं वाटतात. त्यामुळे आधी जीएसटी नंबर आणि करपात्र रकमेवरून जुळव, बिल नंबर नंतर. दुसरं कारण, भोसरीचा एखादा छोटा जॉबवर्कवाला तिमाही रिटर्न भरत असतो. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती सोय आहे. त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफवर (त्या-त्या महिन्याची बिलं चढवायच्या ऐच्छिक सोयीवर) बिल चढवलं नाही, तर एप्रिलचं बिल थेट जूनच्या टू-बीमध्ये दिसतं. माणूस चोर नसतो, पद्धतच तशी आहे.

आणि एक प्रकार तर मला फार आवडतो, कारण त्यात कायदा डोळ्यांसमोर उभा राहतो. लक्ष्मी रस्त्यावरचे कापडवाले बंगळुरूला प्रदर्शनाला जातात, हॉटेलात राहतात. बिलावर दुकानाचा पुण्याचा जीएसटी नंबर नीट छापलेला, कर लावलेला, टू-बीमध्ये बिलही आलेलं. तरी क्रेडिट मिळत नाही! कारण राहण्याची सेवा हॉटेल जिथे आहे तिथलीच धरतात. हॉटेल कर्नाटकचा सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) लावतं, आणि तो कर महाराष्ट्रातल्या नोंदणीला वापरता येत नाही. टू-बीमध्ये असं बिल क्रेडिट उपलब्ध नसलेल्या भागात जातं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपले २७, कर्नाटकचे २९, गुजरातचे २४. प्रत्येक बिलावर आधी ते दोन आकडे आणि लावलेला कर बघायची सवय लावून घे.

हे सगळं ऑफिसात असतं तर शेजारच्या खुर्चीवरच्या आर्टिकलला विचारून मोकळं होता आलं असतं. घरून ते लिहावं लागतं, आणि व्हर्च्युअल इंटर्नशिपचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो. क्वेरी, म्हणजे क्लायंटला विचारायची शंका, लिहिता येणं ही या धंद्यातली फार महत्त्वाची गोष्ट आहे. क्वेरी पोचते मार्केट यार्डातल्या गाळ्यावर, गल्ल्याशेजारी बसलेल्या दिवाणजींकडे. त्यांना "जूनची बिलं मॅच होत नाहीत, कृपया तपासा" असं पाठवलं तर ते फोन बाजूला ठेवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. त्याऐवजी असं लिही: "१८ जून, अमुक पार्टीकडून गोणपाटाची खरेदी, करपात्र रक्कम ४२,५००. आपल्याकडे एंट्री आहे, टू-बीमध्ये बिल नाही. बिलाचा फोटो पाठवा, आणि पार्टी रिटर्न महिन्याला भरते की तिमाहीला एवढं विचारून सांगा." उत्तर दहा मिनिटांत येतं. तारीख, पार्टी, रक्कम, काय आहे, काय नाही, काय हवंय. एका बिलाला एक ओळ. आमच्याकडच्या इंटर्नपैकी ज्यांनी हे मनावर घेतलं त्यांना मी पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावून घेतलं.

सीनिअरला प्रश्न विचारतानाही हेच. दिवसभरातले प्रश्न एका शीटमध्ये जमव, संध्याकाळी एकदम पाठव, आणि आठवड्यातून एकदा स्क्रीन शेअर करून अर्धा तास माग. हक्काने माग. तू फुकट काम करते आहेस, तो अर्धा तासच तुझा मोबदला आहे.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. क्लायंटचे आकडे घरात येतात तेव्हा जबाबदारीही घरात येते. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्टनुसार क्लायंटच्या परवानगीशिवाय त्याची माहिती बाहेर देणं हे सीएच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं. म्हणजे तू लिंक्डइनवर हौसेने टाकलेल्या स्क्रीनशॉटची किंमत तुझ्या सरांना मोजावी लागू शकते. भावंडांच्या लॅपटॉपवर फाइल उतरवू नकोस, एफसी रोडवरच्या कॅफेच्या वायफायवर लॉगिन करू नकोस, पासवर्ड व्हॉट्सॲपवर आला तर तसा पाठवू नका असं नम्रपणे सांग. इंटर्नने असं सांगितलं तर राग येत नाही, उलट भरवसा बसतो.

रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंग फी मागितली तर सरळ नाही म्हण. सर्टिफिकेटवर फर्मचं लेटरहेड, कालावधी, केलेल्या कामाचं स्वरूप आणि सही हवी. मोठ्या कंपन्यांच्या नावाने ऑनलाइन जॉब सिम्युलेशन (कामाचे लुटुपुटीचे सराव) मिळतात, ती कर, चांगली असतात, पण त्यात उत्तरं आधीच तयार असतात. तिथे दिवाणजी नसतात.

सुरू करायची तारीख तुझ्या हातात असेल तर महिन्याच्या १ तारखेची माग, म्हणजे ११, १४ आणि २० या तारखांचा पूर्ण फेरा दोनदा बघायला मिळेल. आणि २० तारीख शुक्रवारी आली असेल तर काम बुधवारीच संपव, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाण्याची शक्यता आपल्याकडे धरूनच चालायचं. फर्म पुण्यातलीच आहे, तर अशा एका २० तारखेला परवानगी काढून दिवसभर ऑफिसात जाऊन बस.